घोड्याकडून कुत्र्याकडे : एका विषाणूची झेप, वस्ती आणि अस्त

डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत झालेल्या तपासणीत कारण स्पष्ट झाले : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू. पुढच्या काही आठवड्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांतही तोच सापडला. कोंबड्या आणि स्थलांतरित पक्ष्यांपुरता समजला जाणारा हा रोग मार्जारकुळात शिरल्याची भारतातील ही बातमी देशभर चर्चिली गेली. तिच्यामागोमाग एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. माणसाच्या सर्वाधिक निकट राहणारा मांसाहारी प्राणी कुत्रा आहे. मग इन्फ्लुएन्झाच्या इतिहासात त्याचे स्थान कोणते?

हा इतिहास वरवर पाहता अगदी अलीकडचा आहे. कुत्र्यांचा स्वतःचा म्हणावा असा इन्फ्लुएन्झा विज्ञानाला २००४ पर्यंत ठाऊकच नव्हता. परंतु कुत्रा आणि इन्फ्लुएन्झा यांची गाठ त्याच्या कितीतरी आधी, एका वेगळ्याच वाटेने पडली होती.

१९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगावर लस शोधण्याचे काम चालू होते. पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी त्यासाठी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी वापरला, कारण त्याला डिस्टेंपर सहज होत असे. १९३३ मध्ये लंडनमध्ये फ्लूची साथ आली, तेव्हा हेच फेरेट हाताशी होते. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील स्राव फेरेटांच्या नाकात सोडला. फेरेट आजारी पडले आणि मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथमच हाती लागला. कुत्र्यांच्या रोगासाठी मांडलेल्या प्रयोगशाळेने माणसाच्या रोगाचे कोडे उलगडले.

दुसरी गाठ १९५८ची. एस. एच. मॅडिन आणि एन. बी. डार्बी या अमेरिकी संशोधकांनी कॉकर स्पॅनियल जातीच्या एका कुत्रीच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवल्या. ‘एमडीसीके’ या नावाने ओळखला जाणारा हा पेशीवंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहे. इन्फ्लुएन्झाचे विषाणू त्यात जोमाने वाढतात, म्हणून त्यांच्या संशोधनात या पेशी रोजच्या वापरातल्या झाल्या. पुढे माणसांसाठीच्या काही फ्लू लशीही त्यांच्यावरच तयार होऊ लागल्या.

येथे एक विसंगती दिसते. कुत्र्याच्या पेशीत इन्फ्लुएन्झा इतका सुखाने वाढत असेल, तर कुत्र्यांत त्याची साथ का नव्हती? १९६८च्या हाँगकाँग फ्लूनंतर काही कुत्र्यांच्या रक्तात मानवी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे संसर्ग होत होता; पण तो त्या कुत्र्यापाशीच संपत होता. विषाणूचे पेशीत शिरणे ही एक घटना आणि एखाद्या प्राणिजातीत त्याने वस्ती करणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर किती मोठे असते, हे पुढच्या दोन दशकांत कुत्र्यांनीच दाखवून दिले.

जानेवारी २००४. फ्लोरिडातील एका शर्यतीच्या मैदानावर २२ ग्रेहाउंड कुत्रे आजारी पडले. चौदांना ताप आणि खोकला येऊन ते बरे झाले. उरलेले आठ मात्र फुप्फुसांत रक्तस्राव होऊन मेले. शर्यतीच्या कुत्र्यांत खोकल्याच्या साथी नव्या नव्हत्या, पण असे मृत्यू अनपेक्षित होते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या सिंडा क्रॉफर्ड, कॉर्नेल विद्यापीठाचे एडवर्ड डुबोव्ही आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील शास्त्रज्ञ यांनी मिळून शोध घेतला. मेलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसातून मिळालेला विषाणू इन्फ्लुएन्झा ‘ए’ गटातला निघाला. त्याचा उपप्रकार होता एच३एन८, आणि हा उपप्रकार घोड्यांच्या फ्लूचा म्हणून चाळीस वर्षे परिचित होता.

या नावातील ‘एच’ आणि ‘एन’ म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिने. हिमॅग्लुटिनिन पेशीच्या बाहेरील सियालिक आम्लाच्या टोकाला चिकटून आत शिरण्याची वाट उघडते. न्यूरामिनिडेज नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवते. विषाणूचा सारा जनुकसंच सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा, आणि तो आठ सुट्या आरएनए खंडांत विभागलेला. नक्कल करताना झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरे बदलतात. शिवाय एकाच पेशीत दोन भिन्न इन्फ्लुएन्झा विषाणू शिरले, तर त्यांचे खंड पत्त्यांप्रमाणे पिसले जाऊन नवे मिश्रण बाहेर पडू शकते. विषाणूशास्त्रज्ञ इन्फ्लुएन्झाकडे इतक्या सावधपणे पाहतात, ते या दोन गुणांमुळेच.

फ्लोरिडातील कुत्र्यांच्या विषाणूत असे कोणतेही मिश्रण आढळले नाही. आठही खंड घोड्यांच्या तत्कालीन विषाणूशी ९६ टक्क्यांहून अधिक जुळत होते. संपूर्ण विषाणूच जसाच्या तसा एका सस्तन प्राण्यातून दुसऱ्यात उतरला होता. घोड्यांतला हा एच३एन८ स्वतः मूळचा पक्ष्यांकडून आलेला. १९६३ मध्ये मायामी येथील घोड्यांच्या साथीत तो प्रथम ओळखला गेला होता. हिमॅग्लुटिनिनमध्ये मात्र मोजकेच, पण लक्षणीय फरक दिसले. त्यांपैकी एक २२२व्या स्थानी होता : घोड्याच्या विषाणूत तेथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते, कुत्र्याच्या विषाणूत त्या जागी ल्यूसिन आले होते. ही जागा पेशीला चिकटणाऱ्या खोबणीला लागून आहे. नव्या यजमानाशी जुळवून घेण्यात या बदलाचा हात असावा, असे पुढील प्रयोगांवरून दिसले.

२००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले, तोवर साथ फार पुढे गेली होती. शर्यतीचे कुत्रे एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेले जात, आणि त्यांच्यासोबत विषाणूही जाई. २००४च्या उन्हाळ्यात सहा राज्यांतील १४ मैदानांवर, तर २००५च्या पूर्वार्धात ११ राज्यांतील २० मैदानांवर श्वसनरोगाच्या साथी नोंदल्या गेल्या. मग कोणीतरी शीतपेट्यांत साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांकडे वळले. १९९९ मधील काही ग्रेहाउंडांच्या रक्तातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. जनुकीय फरकांवरून काढलेला काळही त्याच सुमाराचा येत होता. म्हणजे निदान होण्याआधी निदान चार-पाच वर्षे विषाणू कुत्र्यांत नांदत होता आणि तो साधा खोकला समजला जात होता.

घोड्यांकडून कुत्र्यांकडे झेप एवढ्या एकाच वेळी पडली होती का? तसे नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली शिकारी फॉक्सहाउंडांच्या एका कळपात खोकल्याची साथ आली होती. तिचे कारण घोड्यांचा एच३एन८च होता, हे नंतर उमगले. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांची मोठी साथ आली, तेव्हा आजारी घोड्यांच्या सहवासातील कुत्र्यांनाही लागण झाली. या दोन्ही ठिकाणी विषाणू कुत्र्यांत टिकला नाही. कुत्र्याकडून कुत्र्याकडे अशी अखंड साखळी फक्त अमेरिकेतच तयार झाली.

याचे उत्तर विषाणूच्या जनुकांत जितके आहे, तितकेच कुत्र्यांच्या राहणीत आहे. शर्यतीच्या मैदानांवर शेकडो कुत्रे एका छपराखाली राहात आणि सतत एका गावाहून दुसऱ्या गावी हलत. तेथून विषाणू शहरांतील श्वान-निवारागृहांत पोहोचला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो अशा ठिकाणच्या निवाऱ्यांत रोज नवे कुत्रे येत, आणि त्यांपैकी कोणाच्याही अंगी या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नसे. विषाणूला इंधनाचा पुरवठा चालू राही. घराघरांत एकेकटे राहणाऱ्या कुत्र्यांत मात्र त्याची गती खुंटे, कारण आजाराच्या काही दिवसांत त्या कुत्र्याची गाठ फार थोड्या कुत्र्यांशी पडे. कॉर्नेलमधील कॉलिन पॅरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून हेच चित्र पुढे आले : निवाऱ्यांत साथ जोरात फैलावते, बाहेर ती स्वतःच्या बळावर जेमतेम तग धरते.

याच पॅरिश यांनी कुत्र्यांच्या आणखी एका विषाणूचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. १९७८ मध्ये कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस अचानक प्रकटला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. भारतातील पशुवैद्यांना तो आजही नित्याचा आहे. पार्व्हो विष्ठेतून बाहेर पडतो आणि माती-फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे दोन कुत्र्यांची प्रत्यक्ष भेट होण्याची त्याला गरज नसते. इन्फ्लुएन्झाचे तसे नाही. तो श्वासातून आणि स्रावातून जातो, शरीराबाहेर फार काळ तगत नाही, आणि बऱ्या झालेल्या प्राण्यात दडूनही राहत नाही. त्याला सतत नवा, जवळचा, अबाधित यजमान हवा असतो.

म्हणूनच एच३एन८ची कथा अनपेक्षित रीतीने संपली. २००९ मध्ये अमेरिकेत त्यावर लस आली. विषाणू अधिकाधिक थोड्या शहरांत आक्रसत गेला, त्या-त्या ठिकाणी त्याच्या वेगळ्या जनुकीय शाखा बनल्या आणि एकेक शाखा विझत गेली. २०१६ नंतर तो कुत्र्यांत आढळलेला नाही. दीड दशकाहून अधिक काळ कुत्र्यांत उत्क्रांत होत राहूनही तो या प्राणिजातीत कायमचा रुजू शकला नाही. घोड्यांतला त्याचा पूर्वज मात्र अजूनही फिरतो आहे.

तोवर रंगभूमीवर दुसरा विषाणू अवतरला होता. २००५च्या आसपास पूर्व आशियात पक्ष्यांचा एक एच३एन२ विषाणू कुत्र्यांत शिरला. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग आणि दक्षिण कोरिया येथे आजारी कुत्र्यांतून तो वेगळा करण्यात आला. पुढे थायलंडमध्येही सापडला. येथे घोड्याचा मध्यस्थ नव्हता, आठही खंड पक्ष्यांच्या विषाणूंचे होते. कुत्र्यांत आल्यावर त्याच्या न्यूरामिनिडेजच्या देठात दोन अमिनो आम्लांची भर पडली, आणि ही खूण त्याच्या वंशाची ओळख ठरली. जिवंत पक्ष्यांचे बाजार, मोठी श्वानपालन केंद्रे आणि मांसासाठी पाळलेल्या कुत्र्यांची दाटी या परिस्थितीने त्याला पाय रोवू दिले. कोरियातील एका निवारागृहात तो मांजरांनाही झाला.

२०१५च्या वसंतात शिकागो परिसरात हजाराहून अधिक कुत्रे खोकू लागले. आधी संशय जुन्या एच३एन८वर गेला, पण जनुकीय तपासणीने कोरियातील एच३एन२शी नाते दाखवले. बाहेर देशांतून आणलेल्या कुत्र्यांबरोबर विषाणू प्रशांत महासागर ओलांडून आला होता. त्यानंतर अमेरिकेत त्याच्या साथी उठल्या, शमल्या आणि आशियातून नव्याने आलेल्या विषाणूने पुन्हा पेटल्या. २०१७-१८च्या हिवाळ्यात तो आयात कुत्र्यांसोबत कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातही पोहोचला. तेथे पशुवैद्यांनी प्रत्येक बाधित कुत्र्याचे संपर्क शोधले, मालकांना कुत्रे काही आठवडे घरातच वेगळे ठेवायला लावले, आणि साथ समूळ संपवली. साखळी वेळेत तोडली तर हा विषाणू हरतो, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण.

मग काळजी कशाची? कुत्र्यांतील एच३एन८ किंवा एच३एन२ माणसाला झाल्याची एकही घटना आजवर नोंदली गेलेली नाही. परंतु एखाद्या सस्तन प्राण्यात वर्षानुवर्षे फिरणारा पक्ष्यांचा विषाणू हळूहळू सस्तन शरीराची भाषा शिकत जातो. २०२३ मध्ये चीनच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्यांचे चार हजारांहून अधिक नमुने तपासून या विषाणूच्या उत्क्रांतीचा आलेख मांडला. पक्ष्यांचे इन्फ्लुएन्झा विषाणू सियालिक आम्लाच्या एका प्रकारच्या जोडणीला चिकटतात. माणसाच्या श्वसनमार्गाच्या वरच्या भागात दुसऱ्या प्रकारची जोडणी विपुल असते. कुत्र्यांतील अलीकडचे एच३एन२ विषाणू ही दुसरी जोडणीही ओळखू लागल्याचे दिसले. मानवी श्वसनमार्गाच्या पेशींत ते पूर्वीपेक्षा अधिक वाढत होते, फेरेटांत हवेतून पसरत होते, आणि माणसांच्या अंगी त्यांच्याविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आढळली नाही. १९३३ मध्ये मानवी फ्लूचा छडा लावणारा फेरेटच नव्वद वर्षांनी कुत्र्यांच्या फ्लूचा धोका मोजण्यासाठी वापरला गेला.

दुसरी शक्यता खंडांच्या अदलाबदलीची. कोरियात कुत्र्यांच्या एच३एन२मध्ये २००९च्या मानवी महासाथीतील एच१एन१ विषाणूचा एक जनुकखंड आलेला आढळला आहे. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात डुकरांचे विषाणू कुत्र्यांत शिरून त्यांची कुत्र्यांच्या विषाणूंशी मिश्रणे झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. डुक्कर हे इन्फ्लुएन्झाच्या मिश्रणाचे भांडे आहे, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. कुत्राही तसे भांडे होऊ शकतो, हे या निष्कर्षांचे तात्पर्य. त्यात एच५एन१ची भर पडली आहे. २००४ मध्ये थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा त्याने मेला, आणि २०२३ मध्ये ओंटारिओत रानहंस चावल्यानंतर आणखी एक. दोन्ही ठिकाणी साखळी पुढे गेली नाही. १९९९ पूर्वीच्या फ्लोरिडातही ती गेलेली नव्हती.

आता या इतिहासाकडे भारतातून पाहिले पाहिजे. घोड्यांचा एच३एन८ भारताला परका नाही. जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा येथे, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या घोड्या-खेचरांत त्याची साथ उद्भवली आणि पुढील महिन्यांत अनेक राज्यांत पसरली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने हा विषाणू फ्लोरिडा उपवंशाच्या दुसऱ्या शाखेतील असल्याचे दाखवले. म्हणजे अमेरिकी कुत्र्यांत उतरलेल्या विषाणूचा तो जवळचा भाऊबंद होता. त्याच कटऱ्याच्या विषाणूवरून केंद्राने आपली लस अद्ययावत केली. पक्ष्यांचा एच५एन१ तर फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत प्रथम आढळल्यापासून देशात पुन्हा पुन्हा येतो आहे.

आणि कुत्रे? २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी भटके कुत्रे आहेत. त्यांची राहणी अमेरिकेच्या निवारागृहांसारखी नाही आणि तेथील बंद घरांसारखीही नाही. गल्लीगल्लीत त्यांच्या टोळ्या असतात, टोळीची हद्द ठरलेली असते, आणि कोंबड्यांच्या दुकानाबाहेर टाकलेली आतडी-पिसे हा त्यांच्या आहाराचा भाग असतो. पक्ष्यांचा विषाणू कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोहोचण्याची वाट येथे रोज उघडी असते. एका टोळीतून दुसरीत तो किती जाईल, हे हद्दींवर अवलंबून राहील. मात्र हजारो कुत्रे एकत्र आणून कोंडणारी मोठी केंद्रे उभी राहिली, तर फ्लोरिडाच्या मैदानांवर आणि न्यूयॉर्कच्या निवाऱ्यांत विषाणूला जे मिळाले, तेच येथेही मिळेल. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर देशात जो वाद चालू आहे, त्यात रेबीज आणि चाव्यांचा विचार अग्रक्रमाने होतो, आणि तो व्हायलाच हवा. निवारे बांधताना नव्या कुत्र्यांना काही दिवस वेगळे ठेवण्याची जागा, हवा खेळती राहील अशी रचना आणि खोकणाऱ्या कुत्र्याच्या नमुन्याची तपासणी यांचाही विचार त्यात असायला हवा, हा या इतिहासाचा धडा आहे.

त्यासाठी लागणारी साधने देशात आहेत. भोपाळची संस्था वाघांच्या नमुन्यातील विषाणू ओळखते, हिसारची संस्था घोड्यांच्या विषाणूचा वंश सांगते, आणि माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्था नागपुरात, गोरेवाड्याच्याच शहरात, आकार घेत आहे. फ्लोरिडातील ग्रेहाउंडांचा खोकला चार-पाच वर्षे साधा खोकला मानला गेला, कारण नाकातील स्राव प्रयोगशाळेत पाठवण्याचे कोणाला सुचले नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात खोकणाऱ्या कुत्र्याच्या नाकातून घेतलेला एक बोळा एवढाच तो खर्च होता.